चार कप्पे दिसले म्हणजे हृदय दिसलं असं नाही

परवा माझ्या ओळखीतल्या दोन डॉक्टरांची चांगलीच जुंपली. ती लहान मुलांची हृदयतज्ज्ञ, तो बाळंतपणं करणारा. विषय असा की प्रत्येक गरोदर बाईची फीटल इको करावी की नाही, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी, खास सोनोग्राफी. ती म्हणत होती सगळ्यांची करा, एकही सोडू नका, निळं पडलेलं बाळ तुझ्याकडे नाही माझ्याकडे येतं. तो म्हणत होता कशाला, ज्यांना रिस्क आहे त्यांची करतोच की, बाकीच्यांच्या डोक्याला फुकटचा ताप. तासभर चाललं. मी डॉक्टर नाही, पण ह्या प्रकरणातला दोन बाजूंचा अनुभव अगदी जवळून घेतलाय, आणि ऐकताना सारखं वाटत होतं की दोघंही हुशार आहेत आणि दोघंही भलत्याच प्रश्नावर भांडतायत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सगळ्यांची फीटल इको नको, आणि फक्त रिस्कवाल्यांचंच हृदय नीट बघायचं हेही नको. पाचव्या महिन्यात, 18 ते 22 आठवड्यांच्या मधे, जी नेहमीची अ‍ॅनोमली स्कॅन होते, बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी, तिच्यातच प्रत्येक बाळाचं हृदय पूर्ण बघितलं गेलं पाहिजे. पूर्ण म्हणजे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या, दोन्ही. शंका आली तर तिथून पुढे इको. भांडायचंच असेल तर ही नेहमीची स्कॅन करणाऱ्याच्या हाताबद्दल, ट्रेनिंगबद्दल आणि त्याला मिळणाऱ्या वेळेबद्दल भांडा, कारण सगळा निकाल तिथे लागतो.

आधी 'फक्त रिस्कवाल्यांची' ह्या बाजूचं बघू, कारण वरवर तीच जास्त शहाणपणाची वाटते. यादी ठरलेली असते. आईला गरोदर राहायच्या आधीपासून डायबेटीस आहे का, आईवडलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मतः हृदयाचा आजार होता का, काही विशिष्ट औषधं चालू होती का, तिसऱ्या महिन्यातल्या एनटी स्कॅनमधे बाळाच्या मानेमागचं पाणी जास्त आलं का, एकाच वारेवर वाढणारी जुळी आहेत का. यादी चुकीची नाहीये, ह्या सगळ्यांना इको हवीच. पण जन्मतः हृदयदोष असलेली बाळं येतात कुठून बघा. हजार जन्मांमागे साधारण 8 ते 10 बाळांना असा काहीतरी दोष असतो, त्यातल्या अंदाजे पाव बाळांचा इतका गंभीर की पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा तसलाच काही इलाज लागतो. आणि ह्यातली बहुतेक बाळं अशा आयांची असतात ज्यांचं नाव त्या यादीत कुठेच नसतं. तरुण आई, शुगर नाही, बीपी नाही, घराण्यात काही नाही. म्हणजे चोर समोरच्या दाराने येतात हे माहीत असताना मागच्या दाराला तीन कुलपं लावण्यातला प्रकार.

माझ्या मित्राचं असंच झालं. बायको सव्वीस वर्षांची, यादीतलं एकही कारण नाही. अ‍ॅनोमली स्कॅनच्या रिपोर्टवर एक ओळ होती, मी स्वतः वाचलीय: हृदयाचे चारही कप्पे दिसले, ठोके नियमित. बाळ झालं, वजन छान, रडलं छान, सगळ्यांचे फोटो काढून झाले. दुसऱ्या रात्री नर्सला ओठ निळसर वाटले. आधी म्हणाले थंडी वाजत असेल, मग म्हणाले इन्फेक्शन असेल, मग ऑक्सिजन लावला तरी आकडा वर जाईना, आणि पहाटे कुणाच्यातरी डोक्यात आलं की हृदय बघूया. दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. जी उजव्या कप्प्यातून निघायची ती डाव्यातून, जी डाव्यातून निघायची ती उजव्यातून. मग अँब्युलन्स, दुसरं मोठं हॉस्पिटल, टाके ओले असलेली आई इथे आणि बाळ तिथे. मूल वाचलं, आता शाळेत जातं, पण त्या अँब्युलन्समधल्या दोन तासांबद्दल मित्र अजून बोलत नाही.

रिपोर्टमधली ओळ खोटी होती का? नाही! हीच तर गोम आहे. ह्या आजारात चार कप्पे एकदम नॉर्मल दिसतात. कप्पे जागच्या जागी असतात, झडपा हलत असतात, ठोके टिकटिक पडत असतात, फक्त वर निघणाऱ्या नळ्यांची गडबड असते. निरोगी हृदयात त्या दोन नळ्या एकमेकींना ओलांडून जातात, ह्याच्यात त्या शेजारी शेजारी समांतर जातात. ते बघायला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, चार कप्प्यांवरून बाळाच्या डोक्याच्या दिशेने थोडा तिरका करत न्यावा लागतो. बाळ नीट झोपलेलं असेल तर ह्याला फार वेळ लागत नाही. नसेल तर मात्र लागतो. पाठ वर करून पडलं असेल तर मणक्याची आणि फासळ्यांची सावली नेमकी हृदयावर पडते, मग आईला सांगतात जरा चालून या, कुशीवर वळा, कधीकधी दोनदा तीनदा. बाहेर पंधरा बायका बसलेल्या असताना 'चालून या' म्हणायला डॉक्टरला जी निवांती लागते ती त्याच्याकडे आहे का, हा प्रश्न कुठल्याच वादात कुणी विचारत नाही.

आणि मला सगळ्यात बोचतं ते पुढचंच. आता मित्राची बायको यादीत आहे. 'आधीच्या मुलाला हृदयदोष'. आता तिला इको मिळणार. म्हणजे यादीत नाव लागायला एक बाळ निळं पडावं लागलं.

आता बाळ पोटात असताना ठणठणीत आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवशी मरणाच्या दारात हे कसं काय, ते थोडं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय 'आधी कळून उपयोग काय' ह्या प्रश्नाचं उत्तर कळणार नाही. पोटात बाळाची फुप्फुसं सुट्टीवर असतात. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. त्यामुळे रक्ताला फुप्फुसात जायची गरजच नसते, आणि हृदयात त्यासाठी दोन आडवाटा असतात, एक वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक आणि दुसरी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी छोटी नळी. हे विल्यम हार्वेने 1628 मधे लिहून ठेवलंय, कुठलंही मशीन नसताना, नुसतं कापून आणि विचार करून. जन्मल्यावर श्वास सुरू होतो आणि काही तासांत-दिवसांत ह्या आडवाटा बुजतात. निरोगी बाळाला त्याचं काही नाही. पण ज्याचा हमरस्ताच चुकलाय ते बाळ ह्या आडवाटेवर जगत असतं, आणि ती बंद झाली की खेळ संपतो. 1966 मधे रॅशकिंड नावाच्या डॉक्टरने ते भोक बारीक फुग्याने मोठं करायची युक्ती काढली, 1970 च्या दशकाच्या मध्यावर प्रोस्टाग्लँडिनचं औषध आलं जे ती छोटी नळी उघडी ठेवतं, 1975 मधे ब्राझीलच्या जातेने ह्यांनी अदलाबदल झालेल्या नळ्या कापून परत बरोबर जागी लावल्या. म्हणजे इलाज पन्नास वर्षांपासून आहे. कमी पडते ती वेळ. औषध पहिल्या तासात मिळालं तर वेगळी गोष्ट, दुसऱ्या रात्री ओठ निळे झाल्यावर मिळालं तर वेगळी.

पॅरिसच्या डॉक्टरांनी 1999 मधे ह्याच आजाराचे आकडे छापले होते. जन्मानंतर निदान झालेली 250 बाळं, त्यातली 15 ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधीच गेली. पोटात असतानाच निदान झालेली 68, त्यातलं ऑपरेशनच्या आधी एकही गेलं नाही, आणि ऑपरेशननंतरही नाही. आता 68 हा आकडा लहान आहे हे मान्य, पण दिशा कुठे आहे ते दिसतंय ना?

बरं, आता विरोधी बाजूचे खरे मुद्दे. टेन्शन वगैरे नाही, त्याच्याकडे नंतर येतो. खरा मुद्दा हा की सगळ्याच अभ्यासांत पोटातल्या निदानाने जीव वाचलेले दिसत नाहीत. काहींत तर उलट दिसतं, आधी निदान झालेल्या बाळांचे निकाल जास्त वाईट. तो बाळंतपणं करणारा डॉक्टर हे हुकमाच्या पानासारखं टाकतो. पण जरा खोलात जा. स्कॅनमधे सहज दिसतं काय? जे सगळ्यात बिघडलेलं असतं तेच. अर्धं हृदयच नाही, एकच खालचा कप्पा आहे, हे चार कप्प्यांच्या चित्रात कुणालाही खटकतं. म्हणजे 'आधी निदान झालेले' ह्या गटात मुळातच जास्त आजारी बाळं गोळा होतात. आणि दुसऱ्या गटातली जी बाळं निदान न होता घरीच दगावली, ती हॉस्पिटलच्या तक्त्यात येतच नाहीत. मग तुलना करणार कोणाची कोणाशी? पोहता येणाऱ्यांच्या गटात खोल पाण्यात गेलेले जास्त म्हणून ते जास्त बुडतात, ह्यावरून पोहणं शिकवू नका असा निष्कर्ष काढल्यासारखं आहे. हां, पण एक कबूल करतो, सगळ्या दोषांत फायदा सारखा नाही. महारोहिणीचं, म्हणजे शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य नळीचं, आकुंचन हा प्रकार पोटात पकडायला भयंकर अवघड, शंका येते आणि निघत काही नाही, किंवा शंका येत नाही आणि निघतं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक भोक पकडून तर बहुतेक वेळा काहीच साधत नाही, पुष्कळशी आपोआप बुजतात.

ह्याच्यावरून दुसरा मुद्दा, जो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. तपासणी वाढवली की आजार वाढतात, माणसं वाचत नाहीत, असं वैद्यकशास्त्रात आधी झालंय. जपानमधे 1980 च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर शोधायची देशभर मोहीम काढली. खूप सापडले. ऑपरेशनं झाली, केमो झाल्या. आणि मग कळलं की सापडलेल्यातले बरेचसे गोळे आपोआप विरघळणारे होते, आणि जे खरे मारणारे ते ह्या चाळणीत अडकतच नव्हते. 2003-04 मधे मोहीम थांबवली. दुसरं उदाहरण प्रसूतीच्याच खोलीतलं. कळा चालू असताना बाळाचे ठोके सतत कागदावर काढणारं मशीन, सीटीजी, सगळीकडे बसवून झालं आणि मग डब्लिनला जवळपास 13,000 बायकांवर नीट चाचणी झाली, निकाल 1985 मधे छापून आला. नवजात बाळांचे झटके कमी झाले, पण मुलं चार वर्षांची झाल्यावर बघितलं तर सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होतो त्या आजारात, फरक नाही. यंत्र आधी, पुरावा नंतर. 'सगळ्यांची इको' म्हणणाऱ्या माझ्या हृदयतज्ज्ञ मैत्रिणीने ह्या दोन गोष्टी रात्री झोपताना आठवाव्यात.

आणि हे नुसतं इतिहासात नाही. माझ्या मावसबहिणीच्या रिपोर्टवर लिहून आलं होतं की डाव्या खालच्या कप्प्यात चमकदार ठिपका आहे. झालं! तीन आठवडे ती रात्रीची झोपली नाही. पोटावर हात ठेवून बसायची आणि ठोके मोजायचा प्रयत्न करायची, जे हाताला लागतही नाहीत. प्रत्यक्षात तो ठिपका म्हणजे झडपेला धरून ठेवणाऱ्या स्नायूतला एक चमकणारा कण, शंभरातल्या तीन-पाच निरोगी बाळांत दिसतो, हृदयाचा आजार नाही. बाकी सगळं नॉर्मल असेल तर त्याला काही अर्थ नाही. पण रिपोर्ट देणाऱ्याने हे सांगितलं नाही, कागद हातात ठेवला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मग ह्याच्यावरून निघतं काय? बघू नका असं? मला तर उलटं दिसतं. त्या ठिपक्याने तिला छळलं नाही, त्या गप्प राहण्याने छळलं. आणि जपानच्या मोहिमेत व इथे फरक आहे तो साधा आहे. अदलाबदल झालेल्या नळ्या आपोआप सरळ होत नाहीत. अर्धं हृदय पोटात असताना पूर्ण होत नाही. ज्या दोषांसाठी आपण बघतोय ते विरघळणारे नाहीत, आणि खरं की खोटं हे जन्मल्यावर दुसऱ्या इकोत स्वच्छ कळतं, कागदावरच्या नागमोडी रेघेसारखं ज्याने त्याने आपापलं वाचावं असं नसतं. मात्र जे विरघळणारे आहेत, ती बारीक भोकं, ते ठिपके, ते शोधत बसणारी अतिबारीक तपासणी सरसकट सगळ्यांची केली तर जपानचीच पुनरावृत्ती होईल. म्हणूनच मी म्हणतो की सगळ्यांची इको नको. मोठ्या गोष्टी सगळ्यांच्यात बघा, बारीक गोष्टी शंका असेल त्यांच्यात.

अल्ट्रासाउंडने, म्हणजे सोनोग्राफीतल्या आवाजाच्या लहरींनी, बाळाला काही होईल का, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. 1950 च्या दशकात गरोदर बायकांचे पोटाचे एक्सरे सर्रास काढायचे आणि अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट ह्या बाईने 1956 पासून दाखवायला सुरुवात केली की अशा मुलांत कॅन्सर जास्त होतोय, तर वर्षानुवर्षं लोक तिच्यावरच उखडले. पण एक्सरे वेगळा आणि हा आवाज वेगळा. हे तेच तंत्र जे कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला वापरत होते, 1953 मधे स्वीडनच्या लुंडमधे एडलर आणि हर्ट्झ ह्यांनी असं मशीन उसनं आणून जिवंत माणसाचं हृदय त्यावर बघितलं, 1958 मधे ग्लासगोच्या इयान डोनाल्ड ह्यांनी तेच पोटावर लावून गर्भाचं चित्र छापलं. तेव्हापासून कोट्यवधी स्कॅन झाल्या, नुकसान सिद्ध झालेलं नाही. रक्ताचा वेग बघणारा डॉपलर मात्र एका जागी ऊर्जा जास्त टाकतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कारण नसताना तो लावू नये आणि एरवीही लागेल तेवढाच वेळ लावावा.

आता माझी मैत्रीण म्हणते ते. ती म्हणते साध्या सोनोग्राफीवाल्याला हृदय दिसत नाही, ते आमचंच काम. हे ऐकलं की मला चेंबरलेन घराणं आठवतं. सतराव्या शतकात ह्या घराण्यातल्या डॉक्टरांकडे अडलेलं बाळ काढायचा चिमटा होता, फोरसेप्स, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ पिढ्यान्पिढ्या त्यांनी तो गुपित ठेवला. तेवढ्या काळात बाहेर किती बायका अडून मेल्या असतील. 1813 मधे त्यांच्या जुन्या घरात फळ्यांखाली लपवलेली ती हत्यारं सापडली. मैत्रीण काही लपवत नाहीये, हे मला मान्य, पण 'फक्त तज्ज्ञालाच येतं' हे वाक्य व्यवहारात तिथेच नेऊन पोचवतं, कारण गरोदर बाया लाखो आणि फीटल इको नीट येणारे मूठभर. ह्या विषयाच्या अगदी सुरुवातीला लिंडसे अ‍ॅलन ह्यांनी काय केलं बघा. 1980 च्या आसपास लंडनमधे पोटातल्या हृदयाचा नकाशा काढणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्या होत्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांनी साध्या हॉस्पिटलांतल्या सोनोग्राफी करणाऱ्यांना चार कप्पे ओळखायला शिकवायला घेतलं. ज्ञान स्वतःकडे ठेवलं नाही, खाली सोडलं.

आणि खाली सोडल्यावर काय होतं ह्याचा आकडा आहे. नेदरलँड्समधे 2007 पासून सगळ्यांना विसाव्या आठवड्याच्या सुमारास नेहमीची स्कॅन, ठरलेल्या पद्धतीने, शिकलेल्या हातांनी द्यायला लागले. सगळ्यांना इको नाही हां, साधी स्कॅन. गंभीर हृदयदोष पोटातच पकडले जायचं प्रमाण साधारण 36 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या जवळ गेलं. चाळीस टक्के तरीही निसटले, ते आहेच. पण जे झालं ते सगळ्यांना इको न करता, साध्या स्कॅनने आणि शिस्तीने.

राहिला सगळ्यात टोचणारा प्रश्न, की जिथे जवळपास लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशनच होत नाही तिथे आधी कळून करायचं काय? आणि त्याच्याच पोटातला दुसरा, की कळल्यावर घाबरून लोक दुरुस्त होण्यासारखं बाळही नको म्हणतील. दुसऱ्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकंच म्हणेन की हे आईवडलांना कुणी सांगायचं हे ठरलेलं असावं, आणि तो माणूस असा असावा ज्याने ऑपरेशन झालेली मुलं पुढे धावताना बघितलीयत, आणि न वाचलेलीही बघितलीयत. पहिल्याला उत्तर आहे. बाळाला लांबच्या हॉस्पिटलात न्यायचं सगळ्यात सुरक्षित वाहन म्हणजे आईचं पोट. चार महिने हातात असतात, कुठे बाळंत व्हायचं ते ठरवता येतं. मित्राच्या बाळाने तो रस्ता पोटातून कापला असता तर आडवाट उघडी असती, ऑक्सिजन वारेतून येत असता, कुणाला घाई नसती. शिवाय काही वेळा तर इलाज पोटात असतानाच होतो. बाळाचे ठोके मिनिटाला 120 ते 160 च्या जागी 220 च्या वर पळायला लागले की हृदय थकतं, अंगात पाणी साठतं. अशा वेळी गोळी आई घेते, ती वारेतून बाळाला पोचते आणि ठोके खाली येतात. ह्याला 'कळून उपयोग काय' म्हणणार का?

मित्राच्या बायकोची दुसऱ्या वेळची तपासणी मागच्या महिन्यात झाली. मीच गाडी चालवत घेऊन गेलो होतो, मित्राचे हात चालवण्यासारखे नव्हते. आत ती दोघंच गेली, मला नंतर तिने सांगितलं. बाळ पाठ वर करून पडलं होतं, दोनदा चालून यायला लावलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन तिच्याकडे फिरवला, प्रोब जरासा तिरका केला, आणि नखाएवढ्या त्या हृदयातून एक नळी निघाली, मग तिच्यावरून फुलीसारखी आडवी जाणारी दुसरी. 'ही एक, ही दुसरी, ओलांडतायत,' बाई म्हणाल्या. हिने म्हटलं, परत दाखवा. त्यांनी परत दाखवलं.